पोट नेमकं कुठे दुखतंय?

प्रश्न : वय ४६. फाउंड्रीत पाळीत काम करतो. वर्षभर छातीच्या खाली जळजळ होते, करपट ढेकर येतात. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणतो, जेवल्यावर घेतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पाठ दुखते म्हणून आठवड्यातून तीन-चारदा दुखण्याची गोळीही घेतो. मिसळ आणि तांबडा रस्सा बंद करू का?
(एक वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर : रश्श्याचं नंतर बघू, आधी पाठदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या दुखणं कमी करतात, पण जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यंही त्याच वेळी कमी करतात. मग जठरातलं आम्ल अस्तरावर चालून येतं आणि तिथे जखम होऊ शकते. तिलाच आपण अल्सर म्हणतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तिखटाने अल्सर होत नाही. आधीच हुळहुळलेल्या जागी ते झोंबतं, एवढंच.

रश्श्यात मिरचीइतकाच त्रास वर तरंगणाऱ्या कटाचा होतो. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ राहतं आणि अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, म्हणून आम्ल वर येतं. पांढरा रस्सा सौम्य समजून वाट्यांवर वाट्या पितात, पण त्यात नारळाचं दूध असतं, म्हणजे चरबी आलीच. दोन्ही रस्से कायमचे सोडायची गरज नाही. कट बाजूला काढा, पोट तुडुंब भरू नका आणि जेवणानंतर तीन तास आडवे होऊ नका. पाळी सुटल्यावर घरी येऊन भरपेट जेवायचं आणि लगेच झोपायचं, हे मात्र सोडावंच लागेल. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांची उंची द्या. उशा वाढवल्या तर कंबरेत वाकून पोट दाबलं जातं, त्रास उलट वाढतो. झोपताना डाव्या कुशीवर. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीही याच तक्रारीला खतपाणी घालते.

पित्ताच्या गोळीची वेळही तुमची चुकते आहे. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवण पोटात जाताच आम्ल तयार करणारे पंप सुरू होतात, त्या वेळी औषध रक्तात हजर हवं. रात्रपाळी असेल तेव्हा झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणाआधी घ्या. लगेच आराम हवा असेल तर पातळ अँटासिड थोडा वेळ उपयोगी पडतं, पण तो इलाज नव्हे.

आणि वर्षभर आपल्याच मनाने गोळी घेणं आता थांबवा. डॉक्टरांना दाखवा आणि दुखण्याच्या गोळीचं नाव न विसरता सांगा. जिवाणूची तपासणी शौचाच्या किंवा श्वासाच्या नमुन्यावर होते. तिच्याआधी दोन आठवडे ही पित्ताची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. काय बंद करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

पुढचं काही दिसलं तर मात्र वाट पाहू नका : घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, सतत उलट्या, डांबरासारखी काळी चिकट शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे त्या चालू असतील तर तसं सांगा. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर त्याच तासाला दवाखाना गाठा. एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघण्याच्या तपासणीला, घाबरू नका. सहा ते आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याच्या बेंबीभोवती दुखतं. सासूबाई म्हणतात, बेंबी सरकली, पोट चोळून घेऊ. चोळावं का?
(एक आई, राधानगरी)

उत्तर : नको. मुलांची बेंबीजवळची कळ बऱ्याचदा साधी असते आणि तासा-दोन तासांत जाते. पण अपेंडिक्सचं दुखणंही बेंबीपासूनच सुरू होतं आणि काही तासांत, फार तर दिवसभरात, उजवीकडे खाली सरकतं. तिथे सूज असताना चोळणं, एरंडेल देणं किंवा एनिमा देणं धोक्याचं आहे, अपेंडिक्स फुटू शकतं. त्याला एका पायावर उडी मारायला सांगा. उजवीकडे खाली कळ आली, तो वाकून चालत असेल, भूक पार गेली असेल किंवा दुखणं सुरू झाल्यावर उलटी झाली असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या. निघताना खायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. खूप दुखत असलेलं पोट अचानक शांत झालं म्हणून परत फिरू नका. फुटल्यावरही थोडा वेळ असंच होतं.

मुलग्यांबाबत आणखी एक गोष्ट. वृषणाला पीळ पडला तरी मुलं लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात. त्याला नीट, न रागावता विचारा. तिथे सूज किंवा दुखणं असेल तर सहा तासांच्या आत उपचार व्हावे लागतात, म्हणून रात्र असली तरी निघा.

प्रश्न : आईचं वय ६३, मधुमेह आहे. कधी कधी पोटाच्या वरच्या भागात गच्च होतं, घाम येतो. गॅस म्हणून सोडा-लिंबू देतो. बरोबर आहे का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : हे हृदयाचं असू शकतं. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता असाच येऊ शकतो. चालताना किंवा जिना चढताना गच्च होऊन बसल्यावर उतरत असेल तर शंका आणखी वाढते. आत्ता त्रास नसला तरी आजच ईसीजी काढा. पुन्हा घाम, दम किंवा जबडा-हातापर्यंत जाणारी कळ आली तर सोडा देत बसू नका, १०८ ला फोन करा. त्यांना चालवू नका, मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील. काही वेळाने दुसरा ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी झाल्याशिवाय घरी न्यायची घाई करू नका.