दोन वर्षांची केसर आंब्याची कलमं काठीसारखी सरळ वाढताहेत, शेंडा मारावा का?

मारा. पण आजच नको, आणि साठच्या साठ झाडांवर एकदम तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की बारा-तेरा गुंठ्यांत १५ बाय १५ फुटांवर केसरची ६० कलमं लावली, दोन वर्षं झाली, झाडं सहा-सात फूट गेली, पण बहुतेक एकदांडीच. एक ओळखीचे बागायतदार म्हणतात कमरेच्या खाली कापून टाका. वडील म्हणतात, हंड्यानं पाणी घालून जगवलेल्या झाडाला कात्री लावू देणार नाही. तुम्ही मधे अडकलाय.

मी अंबाजोगाईच्या बाजूचा. आमची पहिली बाग जुन्या पद्धतीची, ३३ बाय ३३ फुटांवर, म्हणजे गुंठ्याला एक झाड. तेव्हा माझंही मत तुमच्या वडिलांसारखंच होतं. झाड आपसूक वाढतं, माणसानं त्यात हात घालू नये. जंगलात कोण कात्री घेऊन जातं? सातव्या वर्षी झाडं चांगली लगडली आणि मे महिन्यात वळवाचा वारा सुटला. सकाळी जाऊन बघतो तर बागेतलं सगळ्यात देखणं झाड वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, मधे कैऱ्यांचा सडा. वाऱ्यानं पाडलं असं आम्ही गावात सांगितलं. पण मी त्या चिरेत वाकून पाहिलं, तर बेचक्याच्या आत लाकूड लाकडाला जुळलेलंच नव्हतं. दोन्ही फांद्यांच्या मधे काळपट, दबलेली साल होती, वीतभर खोल. म्हणजे ते झाड आधीपासूनच दोन होतं, फक्त एकमेकांना टेकून उभं होतं.

बुंध्यातून फांदी ऐसपैस कोनात निघाली की बेचक्यात बुंध्याचं आणि फांदीचं लाकूड वर्षागणिक एकमेकांत गुंफत जातं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अगदी चिकटून वर गेल्या, तर दोघींची साल मधे दाबली जाते आणि सांधा बसतच नाही. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे जसे दिसतात, तशा फांद्या हव्यात. बारा वाजून पाच मिनिटांसारख्या दिसल्या की समजायचं, इथं पुढं कधीतरी चीर जाणार. दुसऱ्या वर्षी हे दुरुस्त करायला बोटाची नखं पुरतात. सातव्या वर्षी करवत लागते आणि झाडाला जखम वीतभर होते. वडिलांना हेच सांगा. मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावू नये हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, आणि ती वेळ येऊ नये म्हणूनच आत्ता कात्री लावायची.

आता तुमची झाडं सरळ का चाललीत ते. शेंड्याच्या कोंबात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली झिरपत येतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे दांड्यावरच्या झोपलेल्या कोंबांना, उठू देत नाही. शेंडा आहे तोवर बाकीच्यांनी उठायचं नाही, असा कारभार. शेंडा काढला की ती सत्ता जाते आणि खालचे डोळे फुटतात. आंब्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: मोहोर फांदीच्या टोकालाच येतो. तुमच्या झाडाला आज एक शेंडा आहे. तीन फांद्या केल्या, प्रत्येकीच्या परत तीन केल्या की नऊ, पुढच्या फेरीत पंचवीसेक. तेवढ्या मोहोराच्या जागा झाल्या, आणि त्याही हाताच्या टप्प्यात.

वेळेचं सांगतो. पाऊस सुरू होऊन जमिनीत ओल धरली की, म्हणजे जूनअखेर ते जुलै. आमच्याकडे तोच काळ सोपा पडतो. मे महिन्यात कापलं तर उघडं पडलेलं कोवळं खोड उन्हानं भाजतं, साल तडकते. दिवाळीनंतर कापलं तर थंडीत फूट मंद येते आणि रडतरखडत वाढते. झड लागली असेल तर दोन दिवस थांबायचं, कोरडा दिवस बघायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे शेंड्याला तांबूस, लोंबती पालवी असताना कात्री लावायची नाही. ती पालवी उभी करायला झाडानं साठवलेलं सगळं खर्च केलेलं असतं. पानं गडद हिरवी, कडक झाली की झाडाच्या गाठीला पुन्हा काही जमलेलं असतं, तेव्हा कापायचं.

कुठं कापायचं? जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर. कमरेच्या खाली म्हणणारे तुमचे बागायतदार चुकीचं सांगत नाहीत. पण इंचपट्टी लावून साठही झाडं एकाच रेषेत कापू नका, कारण आंब्याची वाढ टप्प्याटप्प्यानं होते. एक पालवी येते, थांबते, मग दुसरी. जिथं एक टप्पा संपून दुसरा सुरू झाला, तिथं दांड्यावर बांगडीसारखी गाठ दिसते आणि पानांचे डोळे तिथं दाटीवाटीनं असतात. या गाठीच्या लगेच वर कापलं की एकाच जागेतून सात-आठ फुटवे येतात, केरसुणीसारखे. सगळे अरुंद कोनाचे, सगळे एकमेकांना ढकलणारे. तीच कात्री गाठीच्या खाली चालवली की डोळे दांड्यावर अंतराअंतरानं फुटतात. फुटवे कमी येतात, पण ठिकठिकाणी येतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या लागवडीत मी अर्धी झाडं गाठीच्या वर कापून बसलो आणि दोन वर्षं केरसुण्या विरळ करत राहिलो.

कापल्यावर महिनाभरात डोळे हलतील. लगेच निवड करायला जाऊ नका. फुटवे बोटभर लांब झाले की झाडाभोवती एक चक्कर मारायची, आणि तीन, फार तर चार ठेवायचे, वेगवेगळ्या दिशांना जाणारे, बुंध्यावर एकमेकांपासून तीन-चार बोटं वर-खाली असलेले. बाकीचे अंगठ्यानं खुडून टाकायचे. चक्कर मारायची हे मुद्दाम सांगतोय. एका बाजूनं बघून निवडलेल्या फांद्या दुसऱ्या बाजूनं हमखास चुकीच्या निघतात. ठेवलेला एखादा फुटवा फारच उभा जात असेल तर तो कोवळा असतानाच सुतळीनं बाहेर ओढून जमिनीतल्या खुंटीला बांधा, किंवा पाण्याची अर्धी भरलेली बाटली लटकवा. दीड-दोन महिन्यांत लाकूड तसंच धरतं, मग सोडून द्या.

या फांद्या दीड फुटाच्या झाल्या, पानं पक्की झाली की पुन्हा शेंडा, पुन्हा गाठीच्या खाली, आणि येणाऱ्या फुटव्यांतून दोन-तीन राखायचे. आतल्या बाजूला, झाडाच्या पोटात जाणारा फुटवा ठेवायचा नाही. पोटात ऊन आणि वारा खेळला की करपा रोग आणि तुडतुडे किडे दोन्ही कमी राहतात. १५ फुटांच्या ओळीत झाड बारा फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं पुढच्यासाठी लक्षात असू द्या. ओळींच्या अंतराच्या ८० टक्के उंची, हा हिशोब जवळच्या लागवडीत चालतो.

कलमाच्या जोडाखालून काही फुटलं तर मात्र दया-माया नको. ती गावरान कोयीची फूट, दिसल्या दिवशी मुळापासून काढायची. ती दणकट असते, बघता बघता केसरला मागं टाकते आणि पाच वर्षांनी तुम्ही रायवळ आंबे वेचत बसता. जोडाच्या वर, बुंध्यावर आलेली बारीकसारीक फूट मात्र मी वर्षभर राहू देतो, फक्त तिचे शेंडे खुडून ती आखूड ठेवतो. ती पानं खोडाला सावली देतात आणि खोड जाड करतात. बुंधा न्हाव्यानं तासल्यासारखा स्वच्छ करायची जी हौस असते, तिनं झाड वर जड आणि खाली काडीसारखं होतं.

जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढली आहे का, हे आजच बघा. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही म्हणून विचारतो. आमच्या दुसऱ्या लागवडीतली अकरा झाडं तिसऱ्या वर्षी मान टाकू लागली. आम्ही वाळवी म्हणालो, मर रोग म्हणालो, औषधं ओतली. शेवटी बायको म्हणाली, अहो, याच्या गळ्याला फास लागलाय. रोपवाटिकेतून आलेली पट्टी सालीत रुतून बसली होती, वर-खाली गोळा आणि मधे खाच. चार झाडं वाचली, सात गेली. काढायला मिनिटभर लागतं, ब्लेडनं उभी चीर द्यायची, ओढायची नाही.

आधाराच्या काठीचंही तेच. काठी लावली असेल तर सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा, झाड थोडं हललं पाहिजे. वाऱ्यानं हलणारं खोड बुंध्याशी जाड होत जातं. घट्ट जखडलेलं झाड काठी काढल्या दिवशी वाकतं.

कापताना कात्री धारदार हवी, आणि दर झाडाला नाही तरी रोगट वाटलेल्या झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला हवी. अख्खी फांदी काढायची असेल तर ती जिथून निघते तिथं सालीची जराशी फुगीर वळी असते. कापायचं त्या वळीच्या बाहेर. वळीसकट बुंध्याला चाटून कापायचं नाही, आणि हँगरसारखा खुंटही सोडायचा नाही. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो म्हणून एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडांची खोडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंती घालतं आणि वरून नवीन लाकूड चढवत जातं. फांदीच्या बाजूनं येणारी कूज अडवायची सोय त्या वळीतच असते. ती कापली की कूज सरळ बुंध्यात शिरते. आपल्याकडं रस्त्याकडेच्या झाडांना ज्या ढोल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशाच कुणीतरी चाटून मारलेल्या कुऱ्हाडीच्या.

पावसाळ्यात कापताय तेव्हा कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. साठ झाडांना थोडीच लागते: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात, मग एकत्र ढवळायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा. डांबर किंवा भिंतीचा रंग फासू नका. उघड्या खोडाला उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मात्र जरूर द्या.

मोहोर येईल, कदाचित या थंडीतच. काढून टाका. तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत फळ धरायचं नाही. हे कात्री लावण्यापेक्षाही अवघड आहे, मला ठाऊक आहे. आम्ही एका झाडाला आईच्या हट्टापायी चार कैऱ्या ठेवल्या होत्या. तिच्या हातचं लोणचं झालं, पण ती फांदी कायमची वाकडी झाली आणि झाड अजून तसंच एका अंगाला कलून उभं आहे. आणि झाडं लवकर लागावीत म्हणून कुणी एवढ्यात कल्टार ओता म्हणेल, त्याचं ऐकू नका. ते वाढ रोखणारं औषध आहे आणि तुमच्या झाडांना अजून वाढायचंय.

घरासमोरच्या दोन कडुनिंबांचं शेवटी विचारलंय. तिथं नियम उलटा. सावलीच्या झाडाचा शेंडा मारायचा नाही, एकच मुख्य खोड वर जाऊ द्यायचं. त्याच्याशी बरोबरी करणारं दुसरं खोड असेल तर ते निम्म्यानं आखूड करा, म्हणजे ते मागं पडेल आणि दोन वर्षांनी सहज काढता येईल. खालच्या फांद्या दरवर्षी एक-दोन करून काढा. झाडाच्या उंचीतला वरचा दोन तृतीयांश भाग पानांनी भरलेलाच राहिला पाहिजे. गाडी लावायला अडचण होते म्हणून एका दिवसात बुंधा मोकळा केला तर झाड पुढच्या पावसाळ्यात डुलत राहील.

तुमच्या ६० आंब्यांपैकी पाच झाडं या जुलैत कापा. सगळ्यात उंच नव्हे, सगळ्यात निरोगी, गडद पानांची निवडा, आणि त्यातलं एक वडिलांना निवडू द्या. सप्टेंबरपर्यंत त्यांच्यावर फुटवे दिसतील. उरलेली पंचावन्न पुढच्या पावसाला. त्यांना तोवर फक्त शेंड्याची टोकं नखानं खुडत राहा, म्हणजे उंची फार वाढणार नाही. फुटवे बोटभर झाले की झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो टाका, कुठले तीन ठेवायचे ते बघून सांगतो.