स्कॉटलंडमधील केर्नपॅपल टेकडीवरील कबरी आणि उभे दगड एकाच काळातले आहेत का?
नाही, वेस्ट लोदियनमधील या टेकडीवर नवाश्मयुगापासून कांस्ययुगापर्यंत वेगवेगळ्या पिढ्यांनी दफने व बांधकामे केली. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांच्या 1947-48 मधील उत्खननात आधी दहनाचे अवशेष, मग खंदक-बांधाच्या आतील 24 खड्ड्यांचे अंडाकृती वर्तुळ आणि त्यानंतर दगडांच्या राशीखालील कबरी असा क्रम दिसला. त्यांपैकी एका कबरीत बीकर प्रकारची (उलट्या घंटेच्या आकाराची) मातीची भांडी होती आणि तिच्या टोकाशी मोठा उभा दगड होता. मात्र, त्या खड्ड्यांत दगड उभे होते हे पिगट यांचे अनुमान असून, नंतरच्या काही संशोधकांना तेथे लाकडी खांब असावेत असे वाटते. (कबरींवर आज दिसणारा काँक्रीटचा घुमट अर्थातच विसाव्या शतकातला आहे.)