कलर फिल्म ब्लॅक अँड व्हाइट केमिकलमधे डेव्हलप करायची असेल तर कलर फिल्टर लावून फरक पडतो का?

पडतो, चांगला पडतो. पण फिल्टर लेन्सवर, फोटो काढताना. तुम्ही 'डेव्हलप करायची असेल तर' लिहिलंय म्हणून सांगतो, टँकपाशी, म्हणजे फिल्म ज्या डब्यात डेव्हलप होते तिथे, फिल्टरचं काही काम नाही, आणि लाल बल्ब तर चुकूनही लावू नका, कलर फिल्म लाल उजेडपण पकडते.

खरं तर एवढंच लिहून थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "एकाने सांगितलं कलर फिल्मचा बेस आधीच नारिंगी असतो, म्हणजे नारिंगी फिल्टर आतच आहे, वेगळा कशाला". बेस म्हणजे फिल्मची मूळ पट्टी. हे वाक्य मी माझ्या काकांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलंय की राहवलं नाही.

काकांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. डार्करूम मला त्यांनीच शिकवली. डी-७६ (ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा डेव्हलपर) घरी बनवायला पण त्यांनीच शिकवलं, अजून तेच वापरतो. त्यामुळे त्यांच्यापुढे उलट बोलायची सोय नव्हती. आमच्याकडची कलर लॅब बंद पडली तेव्हा मी कलर रोल घरीच डी-७६ मधे करायला लागलो, बादलीत बर्फ टाकून पाणी २० डिग्रीवर आणायचं आणि करायचं. तेव्हा काका म्हणाले, "अरे फिल्टर कशाला विकत घेतोस, बेसच नारिंगी आहे तिचा."

त्या वर्षी गणपतीत मामाकडे राजापूरला गेलो होतो. घराची चिऱ्याची भिंत, पुढे हिरवंगार भात, आणि दोन दिवसांनी पाऊस उघडलेला त्यामुळे निळंशार आभाळ आणि पांढरे ढग. कोडॅकचा साधा २०० चा कलर रोल होता कॅमेऱ्यात. स्टँड लावला आणि एकाच जागेवरून तीन फ्रेम घेतल्या, एक बिनफिल्टर, एक पिवळा ८ नंबर लावून, एक लाल २५ नंबर लावून. घरी येऊन रोल डेव्हलप केला आणि प्रिंट काढले. बिनफिल्टरच्या फ्रेममधे आभाळ पांढरंफटक, ढग गायब, आणि भिंत आणि भात दोन्ही एकाच करड्या रंगाचे, कुठे भिंत संपते तेच कळेना. पिवळ्यात ढग उठून आले. लाल फिल्टरच्या फ्रेममधे आभाळ गडद, भात काळपट आणि चिरे असे उजळले की एकेक भोक मोजून घ्यावं.

आता सांगा, नारिंगी फिल्टर जर आतच होता तर पहिल्या फ्रेमचं आभाळ पांढरं का?

कारण साधं आहे. उजेड आधी सगळ्यात वरच्या थरावर पडतो, तो निळा पकडणारा. त्याच्याखाली पिवळा अडसर, मग हिरवा पकडणारा थर, मग लाल. बेसचा जो नारिंगी रंग आपल्याला दिसतो तो या खालच्या थरांमधल्या कपलरचा (रंग तयार करणाऱ्या रसायनाचा) असतो. म्हणजे तिथे पोचायच्या आधीच निळ्या उजेडाने वर आपलं काम केलेलं असतं. बेस जर निळा अडवत असता तर कलर फोटोत निळं आभाळ आलंच नसतं की! आणि ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपर तिन्ही थरांत नुसती चांदी तयार करतो, रंग नाही, तिन्हींची बेरीज म्हणजे तुमची निगेटिव्ह. पिवळा फिल्टर लावला की वरचा थर उपाशी राहतो, बेरजेतून तो गळतो, आभाळ गडद होतं.

याच कारणाने लाल २५ मी नेहमी लावत नाही. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मपेक्षा इथे निगेटिव्ह पातळ (फिकट) येते, कारण तीनपैकी एकच थर कामाला लागतो. पिवळा सगळ्यात बरा. एक्स्पोजर पिवळ्याला १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), लालला ३ स्टॉप वाढवा, आणि बेसचं धुकं, म्हणजे फोटो नसलेल्या जागीही असणारा गडदपणा, जाड असतं म्हणून वर अजून १ स्टॉप सगळ्यालाच द्या.

काकांना तिन्ही प्रिंट नेऊन दाखवले तर म्हणाले, "तू तिन्ही वेगवेगळे डेव्हलप केलेस, कमीजास्त झालंय." एकाच टँकमधे, एकाच वेळी केलेत म्हणून सांगितलं, ऐकलं नाही.

त्यांच्या बाजूने एक मात्र सांगायला हवं. नारिंगी बेस फिल्टरसारखा वागतो, पण प्रिंट काढताना. मल्टिग्रेड पेपरला (ज्याचा कॉन्ट्रास्ट उजेडाच्या रंगाने बदलतो) निळा उजेड मिळाला की कॉन्ट्रास्ट चढतो, आणि नारिंगी बेस नेमका तोच अडवतो, म्हणून प्रिंट मिळमिळीत येतो आणि एक्स्पोजर लांबतं. मला ५ नंबरची ग्रेड लावूनच प्रिंट काढावे लागले होते. काकांचा घोळ इथेच झाला असावा, एन्लार्जरखाली बघितलेली गोष्ट त्यांनी कॅमेऱ्याला लावली. स्कॅन करणार असाल तर कलरमधे स्कॅन करून लाल चॅनेल घ्या, बेस तिथे सगळ्यात कमी आड येतो.

आणि हो, जवळ चांगली सी-४१ (कलर निगेटिव्ह डेव्हलप करायची पद्धत) लॅब असेल तर हे सगळं करूच नका. कलरमधे डेव्हलप करून स्कॅन केलं तर फिल्टर नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा लावता येतो, डी-७६ मधे गेली की रंगांची माहिती त्या निगेटिव्हमधून गेली. सिनेमाची जुनी फिल्म असेल तर तिच्या पाठीवर बहुतेक वेळा काळा कार्बनचा थर असतो, तो आधी काढावा लागतो, ते वेगळंच प्रकरण आहे. स्लाइड फिल्मला नारिंगी बेस नसतो, तिथे मी लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू धरू नका.

एवढं करूनही तो बेसवाला मित्र ऐकत नसेल तर फिल्टर लावून आणि न लावून अशा दोन फ्रेम एकापाठोपाठ एकाच रोलवर घ्या आणि पट्टी कापू नका. त्याला अख्खी पट्टी उजेडावर धरून दाखवा. मी काकांकडे नुसते प्रिंट नेले होते.