पाच दिवसांत दिल्ली-आग्रा-जयपूर, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि सात वर्षांची मुलगी, कसं बसवायचं?

तुमचा प्लॅन असा आहे ना, की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी ७ ला दिल्लीत उतरायचं, शुक्रवारी आग्रा, शनिवार-रविवार जयपूर, सोमवारी दिल्लीत येऊन दिल्ली बघायची आणि रात्रीच्या विमानाने घरी, शिवाय जमलंच तर मथुरा-वृंदावन आणि फत्तेपूर सिक्री. तिकिटं अजून काढली नाहीत असं लिहिलंय ते वाचून हायसं वाटलं. कारण शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. आणि सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपलही बंद. म्हणजे तुम्ही नेमके दोन्ही वार उलटे धरलेत.

आम्ही तीन वर्षांपूर्वी असेच गेलो होतो, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि लेक, तेव्हा ती सहाची होती. त्यातून मला एक कळलं की अशा ट्रिपमध्ये दिवस मोजून काही उपयोग नाही, सकाळी मोजायच्या. सत्तरीची माणसं आणि लहान मूल बरोबर असलं की साडेनऊ ते एक एवढंच काय ते बघून होतं, जेवण झालं की सगळे ढेपाळतात, मग दुपारी ओढून ओढून नेलं की आजी गप्प, नात रडवेली आणि नवरा-बायकोत धुसफूस. तुमचे पाच दिवस म्हणजे प्रत्यक्षात चार सकाळी, शुक्र, शनि, रवि, सोम. गुरुवारची धरू नका, ती विमानात गेली.

आणि गुरुवारी सकाळी ७ चं विमान तर घेऊच नका. डिसेंबर अखेरीला दिल्लीत पहाटे धुकं असतं, विमानं लेट होतात, तुम्ही पहाटे तीनला उठून एअरपोर्टवर बसून राहाल. बाराच्या आसपास उतरणारं बघा. आणि परतीचं दिल्लीऐवजी जयपूरहून काढा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. थोडं महाग पडलं तरी चालेल, कारण जयपूर ते दिल्ली पावणेतीनशे किलोमीटर परत यायचं म्हणजे तुमची चारातली एक सकाळ हायवेवर गेली.

आता मी असं करेन. गुरुवारी दुपारी हॉटेलवर सामान टाकून थोडं आडवं व्हायचं आणि चारच्या सुमारास फक्त हुमायूनची कबर. सगळे ताजच्या नादात ही सोडतात पण ताजच्या आधीची आहे ही, साधारण १५७० च्या सुमाराची, बाग, चौथरा, मधे घुमट सगळं तसंच, फक्त लाल दगडात, घुमट तेवढा पांढरा, त्यामुळे आधी ही बघितली की दोन दिवसांनी ताजसमोर मुलगीच ओळखते की अगं हे तर तसंच आहे. आमच्या लेकीला अर्थात तिथल्या खारी जास्त आवडल्या, फोटोंमध्ये कबर कमी आणि खारी जास्त आहेत, असो.

शुक्रवारी सकाळी लाल किल्ला. बाबांना इतिहासाची आवड असेल तर दिवाण-इ-खासमध्ये थोडा वेळ थांबू द्या, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथलं चांदीचं छत काढून वितळवलं होतं, सैन्याच्या खर्चाला पैसा नव्हता म्हणून, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत. आमचे सासरे तिथे वर बघत उभे राहिले ते हलेचनात. (त्यानंतर पानिपतला जाऊ म्हणाले, नव्वद किलोमीटर उलट्या दिशेला. नाही म्हणायला लागलं. वाईट वाटलं पण खरंच वेळ नव्हता.) बाराला निघून यमुना एक्सप्रेसवेने आग्रा, जेवणासकट साडेचार-पाच तास धरा म्हणजे अंधाराआधी पोचता. या दिवसांत एक्सप्रेसवेवर रात्री-पहाटे गाडी घालू नका, धुक्यात तिथे एकामागून एक गाड्या आदळतात, थंडीत वेगमर्यादासुद्धा कमी करतात. गतिमान एक्सप्रेस शंभर मिनिटांत नेते पण ती शुक्रवारी नसते, आणि पाच जणांना सामानासकट पुढे जयपूरला गाडी लागणारच आहे, तर शुक्रवारपासून सोमवारपर्यंत एकच टॅक्सी करा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता सगळं धरून किती हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्यातच लिहा की कुठल्याही शोरूममध्ये थांबायचं नाही. आम्ही हे बोललो नव्हतो, मग "फक्त पाच मिनिटं, संगमरवराचं काम बघा" म्हणत दीड तास गेला आणि सासूबाईंनी एक पेटी घेतली जिचं आता काय करायचं कोणाला माहीत नाही.

शनिवार ताजचा. सगळीकडे लिहिलेलं असतं की सूर्योदयाला जा, आम्ही गेलो, डिसेंबरात, सातला आत, आणि समोर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. पांढऱ्यावर पांढरं. तासभर कुडकुडत उभे, तेव्हा कुठे घुमटाची कड दिसायला लागली. म्हणून पूर्व दरवाजाच्या जवळ हॉटेल घ्या, सातला खिडकीतून बाहेर बघा, समोरची बिल्डिंग स्वच्छ दिसत असेल तर लगेच निघा कारण तेव्हा गर्दी कमी असते. दिसत नसेल तर सावकाश नाश्ता करून आधी आग्र्याचा किल्ला आणि मग अकराला ताज. गर्दी भरपूर मिळेल, शनिवार आणि वर नाताळची सुट्टी, पण निदान ताज दिसेल तरी. तिकीट आदल्या दिवशी मोबाईलवर काढा, आपल्याला ५० रुपये, मुख्य घुमटात जायचं तर वर २००, आणि पंधराच्या आतल्या मुलांना काही नाही. तीन तासांची मुदत असते, पुरते. गाड्या शिल्पग्रामला थांबतात, तिथून पुढे बॅटरीची गाडी आहे, आई-बाबांना चालवू नका, आत भरपूर चालायचंच आहे. तपासणीत बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात म्हणून मुलगी कोणाबरोबर जाणार आणि आत कुठे भेटायचं हे आधी ठरवा. खाऊ, मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

आग्र्याचा किल्ला मात्र आपल्या लोकांनी सोडू नये असं मला वाटतं. बाहेर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आत गाइड तुम्हाला तो बुरूज दाखवेल जिथून शाहजहान कैदेत ताजकडे बघत बसायचा, आणि तिथे मुलीला हे सांगा की शाहजहान मेला जानेवारी १६६६ मध्ये आणि महाराज याच किल्ल्यात दरबारात आले १२ मे १६६६ ला, म्हणजे चारच महिन्यांनी. शाळेत हे दोन वेगळ्या धड्यांत असतं त्यामुळे माझ्या तरी डोक्यात कधी जोडलं गेलं नव्हतं. महाराजांची नजरकैद किल्ल्यात नव्हती बरं का, मुक्काम बाहेर मिर्झाराजे जयसिंगांच्या मुलाच्या, रामसिंगाच्या छावणीपाशी होता, पहारे तिथे बसवले होते, तेव्हा कोणी "हीच ती कोठडी" म्हणून दाखवलं तर हसून पुढे चला. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, बघायला मिळतो तो दीड तासात होतो. दुपारी सगळ्यांनी झोपा. संध्याकाळी हवा स्वच्छ असली तर नदीपलीकडचा मेहताब बाग, तिथून ताजची मागची बाजू शांतपणे दिसते.

रविवारी धुकं ओसरल्यावर साडेनऊला जयपूरकडे, आणि फत्तेपूर सिक्री वाटेतच आहे, आग्र्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत, त्यामुळे तुमची ती इच्छा पुरी होते. पार्किंगपासून वर बस नेते. राजवाड्याची बाजू बघा, बुलंद दरवाजाच्या पायऱ्या आई-बाबांना चढायला लावू नका. सकाळी आई दमलेली दिसली तर सिक्री सरळ गाळा, कोणाला वाईट वाटणार नाही. मथुरा-वृंदावनला मात्र मी नाहीच म्हणेन. शुक्रवारी तुम्ही तिथे दुपारी पोचणार आणि दुपारी देवळं बंद असतात, संध्याकाळपर्यंत थांबलात तर पुढचा रस्ता अंधारात आणि धुक्यात, आणि सुट्टीच्या गर्दीत ते बोळ म्हाताऱ्या माणसांना झेपत नाहीत. आईंना दर्शन मनापासून हवं असेल तर वेगळी ट्रिप करा, त्यांच्यासाठीच.

सोमवारी जयपूरजवळचा आमेरचा किल्ला, नऊच्या आत पोचायचं, खालून जीप करून वर जायचं, हत्ती नको. बाराच्या सुमाराला शहरात जंतरमंतर, म्हणजे जुनी वेधशाळा, आणि इथे गाइडचे पैसे द्याच, नाहीतर नुसते मोठे मोठे दगडी त्रिकोण दिसतात. सम्राट यंत्र म्हणजे तिथलं सावलीचं घड्याळ सत्तावीस मीटर उंच आहे, दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं, सावली सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते, आमची लेक अख्ख्या ट्रिपमध्ये एवढीच एक गोष्ट अजून सांगते. ऊन मात्र हवं. हवामहल रस्त्यावरूनच बघा, त्याचा चेहराच बघायचा असतो, रविवारी रात्री दिव्यात बघितलात तर सोमवारचा तेवढा वेळही वाचला. सिटी पॅलेस जंतरमंतरला लागूनच आहे पण मी सोडेन.

आणि जयपूरच्या हॉटेलला बुकिंग करतानाच विचारा की सोमवारी एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का, जास्तीचे पैसे मागतील ते द्या, दुपारी आई-बाबांना पाठ टेकता येते आणि सामानही गाडीत घेऊन फिरावं लागत नाही.