रोजच्या गाडीला कुठला लॉकर? मागचा, आणि तोही स्विचवर चालणारा

भाऊ, तुमचं असं: रोज लातूर-औसा ये-जा, अधूनमधून पाणंदीनं वावराकडं जाणं, गाडी फोर बाय फोर पण डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा एक्सलमधला गिअरसंच) साधा, आणि मिस्त्री म्हणतोय ऑटोमॅटिक लॉकर टाका, स्वस्तात भागतं. लॉकर म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडून सारखीच फिरवणारा भाग. माझं म्हणाल तर या कामाला ऑटोमॅटिक टाकू नका.

ऑटोमॅटिक लॉकर ताकद लावली की दोन्ही चाकं जखडतो आणि वळणावर बाहेरचं चाक पुढं पळालं तरच सोडतो. गावातल्या प्रत्येक वळणावर कडकड आवाज येतो, टायर घासतात. ओल्या डांबरावर वळताना एक्सलरेटर दिला की आखूड गाडीची मागची बाजू फेकली जाते. घरातली दुसरी माणसंही गाडी चालवत असतील, तर ही जोखीम नकोच.

आता आपली काळी माती. पावसात ती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी लॉकर लावला तर दोन्ही चाकं मिळून घसरतात, एवढंच. पाणंद मधे उंच, कडेला उतरती असेल तर आणखी वाईट. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक फिरतं, दुसरं जागेवर राहून गाडीला धरतं. लॉक केल्यावर तो आधार जातो आणि गाडी सरळ नालीकडं सरकते. म्हणून पहिला पैसा खोल खाचांच्या मड टायरवर घाला. लॉकरचा खरा उपयोग एक चाक अधांतरी होतं तिथं: ओढ्याचा काठ, ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या, बालाघाटातले खडकाळ चढ.

म्हणून मागच्या एक्सलला स्विचवर चालणारा घ्या. बंद असताना गाडी नेहमीसारखीच चालते. हवेवरच्या लॉकरला कॉम्प्रेसर आणि हवेची नळी लागते. नळी कुठं घासली, सील गळलं, तर ऐनवेळी लागत नाही. फायदा असा की त्याच कॉम्प्रेसरनं टायरमध्ये हवा भरता येते. इलेक्ट्रिकमध्ये फक्त वायरिंग, म्हणून रोजच्या गाडीला मला तोच बरा वाटतो. पुढचा लॉकर सध्या राहू द्या. तो लावल्यावर स्टिअरिंग वळायला मागत नाही.

गाडीच बदलणार असाल तर फोर्स गुरखाला पुढं-मागं दोन्ही लॉक कंपनीकडूनच येतात. थारच्या काही मॉडेलना मागं मेकॅनिकल लॉकर आहे. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात फिरलं की तो कमी वेगात आपोआप लागतो, साधारण ताशी 30 किमीच्या पुढं लागत नाही. चाक फिरायला लागलं म्हणून घाबरून पाय काढू नका, एकसारखा एक्सलरेटर द्या.

ऑर्डर देण्याआधी एक्सलचे स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) आणि क्राऊन-पिनियनचा (डिफरेन्शियलच्या मोठ्या-लहान गिअरचा) रेशो तपासून घ्या, चुकला तर माल बसत नाही. बसवणाऱ्याला बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) डायल गेजनं मोजायला आणि दातांवर रंग लावून घासणीची खूण दाखवायला सांगा. हे अंदाजानं केलं तर क्राऊन आधी किणकिणतो आणि मग दात सोडतो. गेज नसेल त्या गॅरेजात हे काम देऊ नका.