तीन कोटेशनं, एकच कंपनी

या वेळी सर्व्हर आणि ते विकणाऱ्या कंपन्यांबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. माझी नोकरी पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात झाली. खरेदीची बोलणी आणि नंतरच्या दुरुस्त्या, दोन्ही माझ्याच टेबलावर येत. त्यामुळे उत्तरं ग्राहकाच्या बाजूनं दिली आहेत.

प्रश्न : आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. ईआरपीसाठी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर घ्यायचाय, एका वेळी साठेक जण वापरतील. तीन पुरवठादारांकडून कोटेशनं मागवली, तर तिघांनी एकाच कंपनीचं एकच मॉडेल दिलं. एकाचा भाव कमी, बाकी दोघांचे बरेच वर. या धंद्यात फार स्पर्धा आहे म्हणतात, मग ती आम्हाला का दिसत नाही? (एक उद्योजक, भोसरी एमआयडीसी)

तुम्ही पुरवठादारांना एकमेकांसमोर उभं केलंत, कंपन्यांना नाही. मोठ्या कंपन्यांची पद्धत अशी असते की तुमच्या चौकशीची नोंद जो पुरवठादार कंपनीकडे आधी करतो, त्याच्या नावावर तो व्यवहार लागतो. बाजारात याला डील रजिस्ट्रेशन म्हणतात. खास भाव त्यालाच मिळतो. दुसरा कुणी विचारायला गेला की ‘हे गिऱ्हाईक आधीच नोंदलंय’ असं उत्तर येतं आणि त्याच्या हाती चढा भाव पडतो. तुमच्याशी संबंध राहावेत म्हणून तो तरीही कोटेशन देतो. टेंडरमध्ये हेच उत्पादकाच्या अधिकारपत्रातून होतं. कंपनी ते पत्र ज्याला देईल त्याचीच बोली ग्राह्य धरतात.

पहिल्या पुरवठादाराला यात दोष देऊ नका. त्यानं तुमच्याकडे हेलपाटे घातले, गरज समजून घेतली, त्याच्या मेहनतीचं मोल त्याला मिळायलाच हवं. पण तीन कागद फाइलला लागले म्हणजे स्पर्धा झाली, असं तुमच्या अकाउंट्स विभागानं समजू नये.

एचपीई, डेल, लेनोव्हो अशा वेगवेगळ्या कंपन्यांचा एकेक पुरवठादार बोलवा आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकच मागणीपत्र द्या. ते मागणीपत्र स्वतः लिहा. बंद पडलेला सर्व्हर दुरून चालू करायची सोय सगळ्यांकडे असते, पण एचपीई तिला आयलो म्हणते, डेल आयड्रॅक आणि लेनोव्हो एक्सक्लॅरिटी. पुरवठादारानं ‘मदत म्हणून’ लिहून दिलेल्या मसुद्यात ‘आयलो असावा’ एवढे दोन शब्द असले की बाकीचे दारातच बाद होतात. त्याऐवजी ‘रेडफिश मानकानुसार दुरून नियंत्रण’ असं लिहा. ते २०१५ पासूनचं सामाईक मानक आहे आणि या तिन्ही कंपन्या ते पाळतात.

घाई नसेल तर कंपन्यांचं वर्षअखेर पाहून बोलणी करा. डेलचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटाला संपतं, एचपीईचं ऑक्टोबरच्या, लेनोव्होचं आपल्यासारखंच मार्चमध्ये. टार्गेट पुरं करायच्या त्या दिवसांत जो भाव मिळतो, तो एरवी मागूनही मिळत नाही.

आता लायसन्सचं. विंडोज सर्व्हर २०१६च्या आवृत्तीपासून कोर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे गाभे, मोजून विकलं जातं आणि एका सर्व्हरला किमान १६ कोरचं लायसन्स घ्यावंच लागतं. तुमच्या साठ माणसांना बहुधा १६ कोर पुरतील. ‘थोडे पैसे घाला आणि ६४ कोरचा घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकलंत, तर लायसन्स चौपट होईल. व्हीएमवेअर (एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर आणखी जपा. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचं लायसन्स विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. अशा वेळी सर्व्हरवर घासाघीस करून वाचवलेले पैसे सॉफ्टवेअरमध्ये कधी गेले ते कळतही नाही.

आणि एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. पहिल्या तीन वर्षांचा भाव सगळेच कापतात, चौथ्या-पाचव्या वर्षाचा कुणी आपणहून बोलत नाही. तो पीओ (खरेदीचा आदेश) निघायच्या आधी लेखी घ्या. एकदा माल रॅकमध्ये चढला की तुमच्यासाठी स्पर्धा संपली, मग तीच कंपनी आणि तिचाच दर. करारातले ‘चार तास’ कशाचे तेही विचारा. एका मार्चअखेरीला आमच्या सर्व्हरचा रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारा भाग, गेला. इंजिनिअर चार तासांच्या आत आला, त्यानं झाकण उघडलं, बिघाड बरोबर ओळखला आणि भाग पुण्यात नाही म्हणून सांगितलं. भाग आला दुसऱ्या दिवशी दुपारी. करार कुठेही मोडला नव्हता, कारण ते चार तास माणूस येण्याचे होते, यंत्र चालू होण्याचे नव्हते. वर्षअखेरीच्या त्या रात्री शाखांमधली माणसं हातानं नोंदी करत बसली होती आणि त्यांचे फोन घेताना मला जो संताप आला, तो आजही ताजा आहे. ठरावीक तासांत दुरुस्तीची हमी देणारा करार वेगळा मिळतो आणि महाग असतो. तो परवडत नसेल तर निदान एक पॉवर सप्लाय आणि दोन डिस्क स्वतःच्या कपाटात ठेवा.

प्रश्न : आमच्या बँकेचं कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर) एचपी-यूएक्स या एचपीच्या कार्यप्रणालीच्या जुन्या यंत्रावर आहे. ते कधी बंद पडलेलं नाही. आता जो येतो तो बदला म्हणतो. चांगलं चाललेलं यंत्र का बदलायचं? कंपन्या हे मुद्दाम करतात का? (एका सहकारी बँकेचे संचालक, हडपसर)

यंत्र चांगलं आहे, यात दुमत नाही. पण एचपी-यूएक्सला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार (दुरुस्त्या आणि मदत) ३१ डिसेंबर २०२५ला संपला आणि त्याखालचा इटॅनियम प्रोसेसर इंटेलनं २०२१ मध्येच थांबवला. सुरक्षेतली नवी त्रुटी सापडली तर ती दुरुस्त करून कोण देणार? ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेनं हा धोका पत्करू नये. बदला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला मनापासून लिहायचंय. उत्तम यंत्रं त्यांच्यातल्या दोषामुळे गेली नाहीत, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत गेली. डेक (डिजिटल इक्विपमेंट) या कंपनीचा अल्फा प्रोसेसर त्याच्या काळात वेगात सगळ्यांच्या पुढे होता. डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकनं घेतली, २००१ मध्ये कॉम्पॅकनं इटॅनियमसाठी अल्फा सोडायचं ठरवलं, २००२ मध्ये खुद्द कॉम्पॅकच एचपीत (आजची एचपीई तिच्यातूनच निघाली) विलीन झाली. ज्यांनी अल्फावर भरवसा टाकला होता त्यांना इटॅनियमकडे चला म्हणून सांगितलं गेलं. आणि तिथं काय झालं? ऑरेकल या डेटाबेसच्या कंपनीनं जानेवारी २०१० मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलरना सन मायक्रोसिस्टिम्स घेतली आणि स्वतःच सर्व्हर विकू लागली. मार्च २०११ मध्ये तिनं जाहीर केलं की इटॅनियमसाठी आपलं सॉफ्टवेअर आता पुढे बनवणार नाही. इटॅनियमचे सर्व्हर मुख्यतः एचपीच विकत होती, म्हणून ती कोर्टात गेली. २०१२ मध्ये निकाल एचपीच्या बाजूनं लागला आणि २०१६ मध्ये ज्युरीनं ३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. भरपाई कंपनीला. मधल्या वर्षांत ज्यांनी घाबरून यंत्रं बदलली, डेटा हलवला, माणसांना नव्यानं शिकवलं, त्या बँका आणि कारखान्यांचा त्या हिशेबात विचारच नव्हता. याला मी स्पर्धा म्हणत नाही. दोन कंपन्यांच्या भांडणात तिसऱ्याच्या अंगणाची भिंत पडली.

म्हणून पर्याय निवडताना यंत्राआधी परतीचा रस्ता बघा. आयबीएमचं पॉवर प्रोसेसरचं घराणं चालू आहे, जुलै २०२५ मध्ये पॉवर११ आलं, आणि विश्वासार्हतेत ते मला आजही सरस वाटतं. पण तिथं कंपनी एकच. शिवाय ऑरेकल डेटाबेसची एंटरप्राइझ आवृत्ती वापरत असाल तर तिच्या लायसन्सच्या गणनेत पॉवरचा प्रत्येक कोर पूर्ण धरतात, इंटेल-एएमडीचा अर्धा. तुमचा कोअर बँकिंगवाला साध्या इंटेल-एएमडी सर्व्हरवर लिनक्स द्यायला तयार असेल, तर माझं मत त्याच बाजूला आहे. कंपनीशी बिनसलं तर पुढचा सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा घेता येतो. १९७८ मध्ये आयबीएम भारत सोडून गेली, तेव्हा सीएमसी ही सरकारी कंपनी होती म्हणून मागे राहिलेल्या यंत्रांना वाली मिळाला. दर वेळी असं कुणी उभं असेलच, असं धरून चालू नका.

प्रश्न : सगळ्या सर्व्हरच्या आत इंटेल नाहीतर एएमडीचा प्रोसेसर असतो. मग डेल-एचपीई-लेनोव्होमधली स्पर्धा म्हणजे फक्त बाहेरच्या नावाची का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिवाजीनगर)

निम्मं तुझं बरोबर आहे. भाव आणि वेग यांत ग्राहकाचा सर्वांत मोठा फायदा प्रोसेसरच्या स्पर्धेतून झाला. इंटेल ६४ बिटसाठी (जास्त मेमरी हाताळू शकणाऱ्या प्रोसेसरसाठी) सगळ्यांना इटॅनियमकडे नेत होती, तेव्हा एएमडीनं २००३ मध्ये आपला ६४ बिटचा ऑप्टेरॉन आणला. जुने प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालत. पुढच्याच वर्षी इंटेललाही तोच मार्ग धरावा लागला. २०१७ मध्ये एएमडीच्याच एपिक प्रोसेसरनं पुन्हा इंटेलला आव्हान दिलं. एका सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागेत) ३२ कोर आणि १२८ पीसीआय लेन (डिस्क, कार्डं जोडायच्या वाटा) मिळू लागल्यावर कित्येक ठिकाणी दोन सॉकेटच्या यंत्राची गरजच उरली नाही.

उरलेलं निम्मं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर), थंडावा, सुटे भाग आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस यांत आहे. पंखा बिघडला तर कोणती कंपनी नेमका कोणता पंखा ते सांगते आणि कोणती नुसता लाल दिवा लावते, हे रॅकसमोर उभं राहिल्यावर कळतं. शिवाय फेसबुकनं २०११ मध्ये आपल्या सर्व्हरचे आराखडे ओपन कम्प्युट या प्रकल्पातून खुले केले, ॲमेझॉननं २०१८ मध्ये स्वतःचा ग्रॅव्हिटॉन प्रोसेसर आणला. सर्वांत मोठी गिऱ्हाइकं अशी स्वतःच यंत्र घडवायला लागली आहेत. तुला या क्षेत्रात यायचं असेल तर फर्मवेअर शीक. तिथं माणसं कमी आहेत.

प्रश्न : पुण्यात परम महासंगणक बनला, मग आपला सर्व्हर बाजारात का दिसत नाही? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला, हे आठवलं की मला आजही अभिमान वाटतो. पुण्याचाच ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा होता, पण त्यातले सर्व्हर एचपीचे होते. आता सी-डॅकनं रुद्र नावाचा सर्व्हर बनवलाय आणि २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसह तीन संस्थांना परम रुद्र महासंगणक मिळाले. प्रोसेसर मात्र अजून परदेशीच आहे. एकेक मोठं यंत्र उभारणं आपल्याला जमतं. सांगली-लातूरच्या एखाद्या पतसंस्थेत दुसऱ्या दिवशी सुटा भाग पोचवणारं जाळं उभारायला वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो. सरकारी खरेदीनं निदान काही वर्षं हात दिला तर ते जाळं उभं राहील, आणि ते राहावं अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : तपकीर गल्लीत ओळखीच्या दुकानदारानं वापरलेला सर्व्हर स्वस्तात देऊ केलाय. आमच्या छोट्या सीए ऑफिससाठी घेऊ का? (नारायण पेठ)

बॅकअपसाठी घ्या, मुख्य कामासाठी नको. घेण्याआधी सिरियल नंबर मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा. फर्मवेअरची नवी आवृत्ती फुकट मिळते का तेही बघा. एचपीनं २०१४ पासून आपल्या प्रोलायंट सर्व्हरची बरीचशी फर्मवेअर फक्त वॉरंटी किंवा करार असलेल्यांनाच द्यायला सुरुवात केली. विकत घेतलेल्या यंत्राच्या दुरुस्त्या अशा अडवणं मला चूक वाटतं, पण नियम तसा आहे. दुकानदाराकडून त्याच मॉडेलचा एक जादा पॉवर सप्लाय त्याच भावात मागून घ्या, आणि डिस्क मात्र नव्याच घाला.