लाइनवरचा मुलगा सुपरवायझर होतो तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा करून पाच वर्षं चाकणच्या एका कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम केलं. तीन महिन्यांपूर्वी त्याला त्याच लाइनचा सुपरवायझर केलं. हाताखालचे निम्मे लोक वयाने मोठे, त्यांना तो काका म्हणतो. आता बारा-चौदा तास कंपनीतच असतो. घरी आला की गप्प. ‘मशीनच बरं होतं’ म्हणतो. ओळखीतल्या एकांनी दीड लाखाचा वीकेंड एमबीए सुचवलाय, त्याने लीडरशिप येते म्हणाले. पैसे भरावेत का? – एक आई, भोसरी

ताई, पैसे भरू नका. एमबीएला प्रवेश घ्यायचा तर आधी पदवी लागते. डिप्लोमावर कोणी थेट एमबीए देत असेल, तर ते प्रमाणपत्र नेमकं कसलं आणि त्याला मान्यता कोणाची, हे लेखी मागा. बहुतेक तिथेच विषय संपेल.

मला तुमच्या पत्रातले बारा-चौदा तास खटकले. पाळी आठ तासांची. मग वरचे तास कशात जातात? माझा अंदाज सांगतो. मशीन थांबलं की हाच धावतो, टूल हाच बदलतो, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) हाच देतो. त्याला ते उत्तम येतं, आणि काकांना काम सांगायला जीभ रेटत नाही.

हे मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं. या कामात येण्यापूर्वी अकरा वर्षं मी कारखान्यात होतो. सुपरवायझर झाल्यावर पहिले दोन महिने हातातला पाना सुटत नव्हता. एका रात्रपाळीत मी एका मशीनचं सेटिंग करत बसलो, आणि पलीकडच्या मशीनवर घासलेल्या इन्सर्टने, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याने, दीडशे तुकडे बाद केले. तिथला मुलगा कंत्राटी, येऊन आठच दिवस झालेले. किती तुकड्यांनंतर माप घ्यायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. शेजारी आमचे जुने सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, हाताची घडी घालून उभे. मी चिडून विचारलं, ‘तुम्हाला दिसलं नाही का?’ ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, आमच्या हातातलं काम तुम्ही काढून घेतलंत. मग बघायचं कशाला?’ दीडशे तुकड्यांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

आपल्याहून अनुभवी माणसांचं नेतृत्व करायचा प्रश्न आला की मला अजित वाडेकर आठवतात. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर ते पतौडींच्या जागी कर्णधार झाले. संघात जयसिंहा, दुराणी, सरदेसाई होते. तिघंही वाडेकरांच्या कितीतरी आधी कसोटी खेळू लागलेले. त्या मालिकेत वाडेकरांची स्वतःची बॅट फारशी चालली नाही. पण पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी दुराणींच्या हाती चेंडू दिला आणि दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, लॉइडलाही बाद केलं. लॉइडचा झेल कोणी घेतला? वाडेकरांनीच. वेस्ट इंडीजविरुद्ध आपला तो पहिला कसोटी विजय, आणि त्याच जोरावर मालिकाही जिंकली. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या. कोणाच्या हातात चेंडू द्यायचा हे ओळखायचं, आणि मग झेलासाठी स्वतः जागेवर उभं राहायचं. तुमच्या मुलाचं कामही आता हेच आहे.

त्याला सांगा, काका म्हणणं अजिबात सोडू नकोस. साहेबी थाट आणायची गरज नाही. या आठवड्यात लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या माणसाजवळ चहाच्या सुट्टीत बसायचं आणि विचारायचं, ‘काका, आपल्याकडे रिजेक्शन (बाद माल) जास्त कुठे निघतं, आणि का?’ उत्तर मध्ये न तोडता ऐकायचं, वहीत लिहायचं. त्यातली एक तरी सूचना पंधरा दिवसांत अमलात आणायची आणि ती कोणाची होती हे पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगायचं. चूक दाखवायची ती मात्र बाजूला घेऊन. कंत्राटी मुलांना ‘ए’ म्हणून हाक मारू नये, त्यांची नावं पाठ असावीत. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला काकांजवळ उभं करावं, काकांनाही त्यात मान वाटतो.

आणि एक काम वरच्या साहेबांकडचं. लाइन थांबवायचा अधिकार मला आहे का? रजा, ओव्हरटाइम कोण ठरवणार? हे त्याने स्पष्ट विचारून घ्यावं, जमल्यास ईमेलवर. नव्या सुपरवायझरवर जबाबदारी टाकतात आणि अधिकार द्यायचं राहून जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचा राग येतो. तुमच्या मुलाची अर्धी घुसमट कदाचित इथलीच असेल.

शिकायचंच असेल तर आधी पदवी. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी संध्याकाळचे किंवा सोयीच्या वेळेचे इंजिनिअरिंग अभ्यासक्रम चालवायला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३पासून परवानगी दिली आहे. कोणत्या कॉलेजात जागा आहेत आणि कंपनी फीला मदत करते का, याची चौकशी करा. माणसं सांभाळण्यावरचे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर फुकट शिकता येतात, परीक्षा द्यायची तरच फी लागते. पण हे सगळं घरी यायची वेळ ताळ्यावर आल्यानंतर.

सहा महिने मनापासून करूनही त्याला मशीनच बरं वाटलं, तर त्यात कमीपणा मानू नका. प्रोग्रॅमिंग, टूलरूम, प्रोसेस या वाटांनीही वर जाता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये त्याचं चांगलं शिक्षण मिळतं. फक्त तो निर्णय थकव्यात घ्यायला नको.

काकांनी काय सांगितलं ते त्याने मला स्वतः लिहून कळवावं. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी चालेल.